स्टिकर आठचे की बाराचे?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

चीनमधून घरबसल्या माल मागवून तो ऑनलाइन विकण्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण वर्ग छत्रपती संभाजीनगर, लातूर आणि नांदेड येथे भरत असून त्यांना तरुणांचा मोठा प्रतिसाद मिळत असल्याचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. मी जालन्याच्या नव्या मोंढ्यात शेती अवजारांचे दुकान चालवतो आणि २०१७ पासून फवारणी पंप, झटका मशीन (जनावरे रोखण्यासाठी कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारे यंत्र) व त्यांचे सुटे भाग थेट चीनमधून मागवून काउंटरवर आणि ऑनलाइन अशा दोन्ही ठिकाणी विकत आलो आहे. आयईसी कोड (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) काढणे, अलिबाबा या चिनी घाऊक खरेदीच्या संकेतस्थळावर पुरवठादार पारखणे, नमुना मागवणे, न्हावा शेवा बंदरात सीमाशुल्कातून माल सोडवून देणारा दलाल, म्हणजे सीएचए, गाठणे, हे जे या वर्गांत शिकवले जाते ते सगळे उपयोगाचेच आहे. मला ते शिकायला दोन वर्षे लागली आणि वर्गाच्या फीच्या कितीतरी पट पैसे नुकसानीत गेले. परंतु वृत्तात दिलेला अभ्यासक्रम वाचताना एक विषय, नीतीचा, मला कुठेच दिसला नाही, आणि तो तर पहिल्याच ऑर्डरला मोबाइलवर येऊन उभा राहतो. त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. पत्र लांबले तर क्षमा असावी.

आमच्या धंद्यात बॅटरीवरच्या पंपाला ‘बारा बाय आठ’, ‘बारा बाय बारा’ अशी नावे आहेत. पहिला आकडा व्होल्टचा आणि दुसरा अँपिअर-अवरचा, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर पंप किती वेळ चालेल याचा अंदाज देणारा. शेतकरी दुकानात आला की टाकी, नोझल, पट्टा सगळे हाताळून पाहतो, पण भाव ठरतो तो या दुसऱ्या आकड्यावर. २०१८ च्या खरिपाआधी मी झेजियांग प्रांतातील ताइझोउ भागातल्या एका कारखान्याला ‘बारा बाय आठ’च्या पंपांची ऑर्डर दिली. ३० टक्के रक्कम आगाऊ आणि ७० टक्के माल निघण्यापूर्वी, असा नेहमीचाच व्यवहार होता. आगाऊ रक्कम पोहोचल्यावर तिकडे विक्रीचे काम पाहणाऱ्या मुलीचा संदेश आला, ‘बॅटरी आठची. स्टिकर आठचे लावायचे की बाराचे? किंमत तीच.’ मी तो दोनदा वाचला, शेजारच्या दुकानात ‘बारा बाय बारा’ काय भावाने जातो ते आठवले आणि ‘बारा’ असे उत्तर पाठवून दिले. त्याला एक मिनिटही लागले नसेल.

ऑगस्टमध्ये भोकरदन तालुक्यातले एक शेतकरी तो पंप घेऊन परत आले. ‘शेठ, बारा बाय बारा म्हणून नेला, पण दुपारचे बारा वाजेपर्यंत बी पुरंना,’ असे म्हणून त्यांनी माझ्याच काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर घेतला, बॅटरी बाहेर काढली, हातावर तोलली आणि शेजारच्या बियाण्यांच्या दुकानातील काट्यावर नेऊन ठेवली. काटा २ किलो ४०० ग्रॅमवर थांबला. बाराची बॅटरी साडेतीन किलोच्या आसपास भरते, हे त्यांना घरच्या जुन्या पंपावरून ठाऊक होते. त्यांनी आवाज चढवला नाही, चार माणसे गोळा केली नाहीत. मी पैसे परत दिले. ते खिशात ठेवताना त्यांनी ‘तुमाला म्हाईत होतं का?’ एवढेच विचारले आणि मी म्हणालो, ‘वरून कंपनीकडूनच तसं आलंय.’ पेटीवर छापलेले कंपनीचे नाव माझेच होते.

‘चायना माल’ हा शब्द आपल्याकडे जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो, आणि ‘चला तो चाँद तक, नहीं तो शाम तक’ ही ओळ मोंढ्यातल्या हमालापासून अडत्यापर्यंत सर्वांच्या तोंडी असते. वस्तुस्थिती अशी आहे की ज्या कारखान्याने मला आठची बॅटरी बाराच्या स्टिकरखाली पाठवली, त्याच कारखान्याचे युरोपला जाणारे पंप त्याच्या संकेतस्थळावर वेगळ्या पानावर आहेत, वेगळ्या किमतीचे आहेत आणि त्यांच्यावर जे लिहिले आहे तेच त्यांच्या आत आहे. पुढे वर्षभराने मी त्या मुलीला विचारले की, तुम्ही हा प्रश्न स्वतःहून का विचारता? तिचे उत्तर सरळ होते: तुमच्याकडून येणारी बहुतेक गिऱ्हाइके नंतर हेच मागतात, म्हणून आम्ही आधीच विचारून घेतो. यामुळे त्या कारखान्याचा दोष धुतला जातो असे मी म्हणत नाही. पैसे मिळतात म्हणून खोटा आकडा छापून देणारा खोटेपणात भागीदारच असतो. पण तो आकडा ठरतो मात्र आपल्या बाजूला, आपल्याच अंगठ्याने. चीनशी ऑनलाइन व्यापार करताना नीतीचा म्हणून जो प्रश्न आहे तो निदान माझ्या अनुभवात असाच, बहुतेक वेळा विचारणेच्या रूपात आणि तेही नम्रपणे, आला आहे.

बॅटरी लवकर उतरली तर फार तर फवारणी अर्धी राहते, असे कोणी म्हणेल. पण जो आकड्याबाबत ‘चालेल’ म्हणतो तो वायसरबाबत, टाकीच्या जाडीबाबत आणि नळीच्या जोडाबाबतही पुढे ‘चालेल’ म्हणू लागतो, आणि १६ लिटर विषारी द्रावण पाठीवर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्या ‘चालेल’चा अर्थ वेगळा होतो. २०१७ च्या हंगामात शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा कीटकनाशकांबरोबर फवारणीच्या साधनांचीही चर्चा झाली. मी धंद्यात उतरलो तेच ते वर्ष, आणि तरीही पुढच्याच वर्षी मी ते उत्तर पाठवले.

कायद्याच्या बाजूने पाहिले तरी पळवाट फारशी उरलेली नाही, हे प्रशिक्षण वर्गांत आवर्जून सांगायला हवे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादक भारतीय कायद्याच्या कक्षेत येत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल तर जबाबदारी विक्रेत्यावर येते, आणि विक्रेत्याच्या व्याख्येत आयातदारही धरलेला आहे. ताइझोउच्या कारखान्याला जालन्याच्या ग्राहक आयोगाची नोटीस जाणार नाही, ती मलाच येणार. आयात केलेल्या पेटीवर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मूळ देशाची माहिती ऑनलाइन ग्राहकालाही द्यायला लावली आहे. प्रत्यक्षात ‘ब्रँड तुमचा, माल त्यांचा’ या वाक्यावर भुललेली मुले पेटीवर तिरंगी पट्टा छापून घेतात आणि मूळ देशाची ओळ इतक्या बारीक अक्षरात टाकतात की चष्मा लावूनही ती सापडू नये. तिरंगी पट्टा छापून देणारा छापखानाही तिकडचाच असतो.

दुसरी विचारणा इन्व्हॉइसची. ‘इन्व्हॉइसवर किती रक्कम लिहू?’ हा प्रश्न माझ्याइतकाच माझ्या ओळखीच्या प्रत्येक आयातदाराला आलेला आहे. रक्कम निम्मी लिहिली की सीमाशुल्क निम्मे आणि आयातीवरचा आयजीएसटी हा करही निम्मा, हे गणित दुसरीतल्या मुलालाही कळते. उरलेले पैसे तिकडे पोहोचवायचे कसे, हे मात्र वर्गात फळ्यावर लिहिले जात नाही, कारण ते बँकेतून जात नाहीत. ते हवालाने जातात, आणि एकदा त्या वाटेवर पाऊल पडले की पंप विकणारा माणूस अशा लोकांशी व्यवहार करू लागतो ज्यांचा मूळ धंदा काय आहे हे त्याला कधीच कळत नाही. सीमाशुल्क कायद्यात खोटी कागदपत्रे सादर करणाऱ्यास मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, तो भाग वेगळा.

परभणीकडच्या एका व्यापारी मित्राचे उदाहरण येथे देतो. त्याने निम्म्या रकमेचे इन्व्हॉइस करून घेतले आणि माल आला तेव्हा पेट्यांमध्ये पंपांच्या मोटारी वापरून झालेल्या, रंग मारून नव्या केलेल्या निघाल्या. अलिबाबावर व्यवहार संरक्षणाची सोय आहे, तक्रार केल्यास पैसे अडवता येतात, पण तक्रार करायची तर खरी रक्कम सांगावी लागते, आणि खरी रक्कम सांगितली तर ती स्वतःच्याच बिल ऑफ एंट्रीच्या (सीमाशुल्क खात्याला दिलेल्या आयात घोषणापत्राच्या) विरोधात पुरावा ठरते. पुरवठादाराला हे पक्के ठाऊक होते. मित्र गप्प बसला आणि त्याने त्या मोटारी विकल्या. कोणाला विकल्या, हे मी विचारले नाही. ते माझ्यासारखेच कोणी भोकरदनचे, जिंतूरचे शेतकरी असणार.

या व्यापारात साधे बोलणेसुद्धा सरळ नाही, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला गंमतीची वाटेल. व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये २०१७ पासून बंद आहे, आणि वुईचॅट हे तिकडचे संदेशांचे अ‍ॅप आपल्या सरकारने गलवाननंतर २९ जून २०२० रोजी ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत आहे. म्हणजे पंपाच्या वायसरची चर्चा चॅटवर करायची तरी दोघांपैकी एकाने आपापल्या देशाचा नियम वाकवलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो तिकडच्या पगारी मुलीने व्हीपीएन वापरून वाकवलेला असतो. सोयीसाठी तिला हा धोका पत्करायला लावायचा का, असा विचार मीही बरीच वर्षे केला नव्हता. आता मी ई-मेल वापरतो. उत्तराला एक दिवस उशीर होतो, आणि फवारणीचा हंगाम नसेल तर त्याने काही बिघडत नाही.

तो विचार मला २०२२ मध्ये सुचला. त्या वर्षी मार्चअखेरपासून जूनपर्यंत शांघाय शहर टाळेबंदीत होते, मालवाहतूक विस्कळीत झाली होती आणि माझा माल कारखान्यातच पडून होता. वैतागून मी त्या मुलीला लिहिले की, तुमचे सरकार लोकांना किती दिवस कोंडून ठेवणार? पाच मिनिटे काहीच आले नाही, मग उत्तर आले, ‘पॅकिंग लिस्ट उद्या पाठवते.’ मला आधी राग आला, नंतर लाज वाटली. माझ्या चिडचिडीची नोंद माझ्याकडे कोणी ठेवणार नव्हते. तिच्या उत्तराची मात्र ठेवली जाऊ शकत होती. २००४ मध्ये शी ताओ या चिनी पत्रकाराने परदेशी संकेतस्थळाला पाठवलेल्या एका ई-मेलवरून, याहू कंपनीने दिलेल्या माहितीच्या आधारे, त्याचा माग काढला गेला आणि त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. २००७ मध्ये याहूच्या प्रमुखांना अमेरिकी संसदेच्या समितीसमोर त्याबद्दल माफी मागावी लागली. गुगलने २०१० मध्ये शोधाचे निकाल गाळून दाखवण्याचे नाकारले आणि मुख्य भूमीवरील आपली शोधसेवा हाँगकाँगकडे वळवली. एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढचा पेच माझ्यासारख्या दुकानदाराला कशाला, असे वाटू शकते. पण समोरच्या पगारी माणसाला अडचणीत आणणारे वाक्य लिहायचे की नाही, हे ठरवायला कंपनी मोठी असावी लागत नाही.

नकाशाचा प्रसंग माझ्या मावसभावाच्या दुकानातला. त्याचे शालेय साहित्याचे दुकान आहे. जून २०१९ मध्ये शाळा सुरू होण्याच्या तोंडावर त्याने यिवूच्या बाजारातून पृथ्वीचे गोल मागवले. यिवू म्हणजे किरकोळ वस्तूंचा जगातला सर्वांत मोठा घाऊक बाजार समजला जातो, आणि तिथली दुकाने आता ऑनलाइनही उघडी असतात. गोल आले, आणि त्यांच्यावर अरुणाचल प्रदेश भारतात नव्हता. भावाने पुरवठादाराला भारताचा अधिकृत नकाशा पाठवून गोल बदलून मागितले. उत्तर आले की असा गोल छापणे आम्हाला शक्यच नाही. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये छिंगदाओ येथे चिनी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी तैवान आणि अरुणाचल त्यांच्या सरकारच्या मताप्रमाणे न दाखवणारे सुमारे ३० हजार नकाशे नष्ट केले होते, आणि त्याच्या आदल्या वर्षी मॅरियट या हॉटेल कंपनीला एका प्रश्नावलीत तिबेट व तैवान यांची नावे देशांच्या यादीत टाकल्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली होती व तिचे चिनी संकेतस्थळ आठवडाभर बंद ठेवले गेले होते. इकडे देशाच्या सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणे आपल्या १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे जो गोल छापणे तिथे शक्य आहे तो इथे विकता येत नाही, आणि जो इथे विकता येतो तो तिथे छापता येत नाही. भावाने ते गोल कोणाला दिले नाहीत, पैसे बुडाले, आणि तेव्हापासून तो नकाशे आणि गोल देशातच छापलेले घेतो. हा व्यवहार सोडण्यातच शहाणपण होते. सगळ्याच अडचणींना तोडगा निघतो असे नाही.

झटका मशीनचा मामला जास्त गुंतागुंतीचा आहे. रानडुकरे आणि रोही यांच्यामुळे आमच्याकडे सोलर झटका मशीनला मोठी मागणी आहे, आणि तिच्यावरच्या लहान सौर पॅनेलचा कच्चा माल असलेले पॉलिसिलिकॉन हे २०२० च्या सुमारास जगभरात जेवढे तयार होत होते त्यातले सुमारे ४५ टक्के चीनच्या शिनजियांग प्रांतातले होते. तिथल्या उइघुर लोकांना सक्तीने कामाला लावले जाते असे आरोप आहेत, चीन ते नाकारतो, आणि अमेरिकेने जून २०२२ पासून त्या प्रांतातला माल सक्तीच्या श्रमाचा नाही असे सिद्ध केल्याशिवाय आत घेणे बंद केले आहे. मी माझ्या पॅनेलवाल्याला विचारले की, कच्चा माल कुठला? त्याच दुपारी एक सुबक प्रमाणपत्र आले, त्यात गावाच्या नावाची जागा मोकळी होती आणि खाली लिहिले होते, ‘जे नाव हवे ते कळवा.’ पुन्हा तोच नम्र प्रश्न! जालन्यात बसून शिनजियांगमधले सत्य मला शोधता येणार नाही हे मी मान्य करतो. पण ती मोकळी जागा भरून ग्राहकाला दाखवायची नाही, एवढे माझ्या हातात होते. पुढे मी देशात बनवलेली पॅनेल घेऊ लागलो, त्यांची किंमत जास्त पडते, आणि त्यांच्या आतले सेल कुठून येतात याचा शोध मी अजून पुरता घेतलेला नाही, हेही येथे लिहून ठेवतो.

शिनजियांगचा विषय मराठवाड्याला परका नसावा, कारण तिथेही कापूसच पिकतो. चीनच्या कापसातला चार पंचमांशांहून अधिक कापूस त्या एका प्रांतातला आहे. मार्च २०२१ मध्ये एचअँडएम या कपड्यांच्या कंपनीचे त्या कापसाबाबतचे जुने निवेदन उकरून काढले गेले आणि एका दिवसात तिचे कपडे चीनच्या मोठ्या खरेदी संकेतस्थळांवरून गायब झाले. हे वाचून आपल्या कापसाला गिऱ्हाईक वाढेल म्हणून खूश झालेले लोक मी मोंढ्यात पाहिले आहेत. त्यांना मी एवढेच म्हणालो की, उद्या कोणी आपल्या साखरेबद्दल असेच विचारले तर? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण देशभर गाजले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कोयता घेऊन सहा महिने गाव सोडणारी माणसे आपल्याच वाड्या-वस्त्यांवरची आहेत. दुसऱ्याला विचारायचे असेल तर आपल्यालाही कोणी विचारील, याची तयारी असावी.

विक्रीच्या बाजूनेही आपण धुतल्या तांदळासारखे नाही. चीनला अन्नपदार्थ पाठवायचे तर १ जानेवारी २०२२ पासून परदेशी उत्पादकाला त्यांच्या सीमाशुल्क प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते आणि तपासणीचे अहवाल लागतात. आमच्या बाजारात काही लोक ज्या सफाईने एका लॉटची तपासणी आणि दुसऱ्या लॉटचा माल असा मेळ घालतात, ती पाहिली की स्टिकरचा प्रश्न दोन्हीकडून विचारला जातो हे लक्षात येते. यावर जास्त लिहीत नाही, तो माझा धंदा नाही.

बहिष्काराचे म्हणाल तर २०२० मध्ये आमच्या ओळीतल्या निम्म्या दुकानांवर ‘येथे चिनी माल मिळणार नाही’ असे फलक लागले होते. त्यांतले काही अजून आहेत, आणि रात्री त्यांच्यावर सोडलेल्या लाइटच्या माळा कुठल्या आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. २०२४-२५ मध्ये आपण चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांना सुमारे १४ अब्ज डॉलरचा दिला. ही तफावत कमी व्हावी असे मलाही मनापासून वाटते, पण ती फलकाने होत नाही. उलट फलकामुळे झाले असे की तोच माल आला, फक्त मूळ देशाची ओळ पुसून आला. उघडपणे चिनी म्हणून विकलेल्या चांगल्या पंपापेक्षा देशी म्हणून विकलेला चिनी पंप शेतकऱ्याला जास्त फसवतो.

वर्ग घेणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनी दोन दिवसांतला अर्धा दिवस या गोष्टींना द्यावा एवढीच विनंती आहे. चार्जर, अ‍ॅडॉप्टर, लिथियम बॅटरी यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. त्यांच्यावर ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसते. मी हे एका प्रशिक्षणार्थी मुलाला दुकानात करून दाखवले. त्याने नुकत्याच मागवलेल्या चार्जरवरचा क्रमांक टाकला, तर तो भलत्याच कंपनीच्या, भलत्याच वस्तूचा निघाला. त्याचा चेहरा उतरला. ‘काका, मी तर फक्त मार्क पाहिजे म्हणून सांगितलं होतं,’ तो म्हणाला. त्याला मार्क मिळाला होता. नोंदणी पाहिजे असे त्याने सांगितलेच नव्हते, कारण मार्क आणि नोंदणी यांतला फरक त्याला कोणी शिकवला नव्हता. त्याचे २०० चार्जर आजही त्याच्या घरी माळ्यावर आहेत. ते विकू नकोस असे मी सांगितले, परंतु त्याचे पैसे अडकलेले आहेत आणि रोज त्याला कोणीतरी ‘कोण बघतंय?’ असे म्हणणारे भेटत असणार.

राहिला प्रश्न धंदा चालतो का याचा, कारण शेवटी मुले तेच विचारतात. २०१९ पासून माझ्या पेटीवर आत आहे तोच आकडा असतो. शेजारी त्याच भावात बाराचा आकडा मिळतो, त्यामुळे पहिल्या हंगामात माझी विक्री निम्म्यावर आली आणि ऑनलाइन तर ‘याच किमतीत फक्त ८?’ अशा शेऱ्यासह एका ग्राहकाने एक तारा दिला. काउंटरवर मी आता छोटा काटा ठेवला आहे. ज्याला शंका असेल त्याने बॅटरी काढून तोलावी, आणि शेजारच्या दुकानातली आणून तीही तोलावी. काही जण तोलतात, काही जण हसून बाराचाच घेऊन जातात. भोकरदनचे ते शेतकरी त्यानंतर माझ्या दुकानात आलेले नाहीत.

येत्या खरिपासाठी ४०० पंपांची ऑर्डर गेल्या महिन्यात दिली. ती जुनी मुलगी कारखाना सोडून गेली असून तिच्या जागी नवा मुलगा आला आहे. त्याची पहिली ई-मेल आली, ‘बॅटरी आठची. स्टिकर?’ मी आठ असे कळवले. त्याने खात्रीसाठी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच कळवले. माल मेअखेर न्हावा शेव्याला लागेल. त्यातले किती पंप दिवाळीपर्यंत विकले गेले, हे आपल्या वाचकांना जाणून घ्यायचे असेल तर तेव्हा जरूर लिहीन.

आपला विश्वासू,
एक अवजार विक्रेता,
नवा मोंढा, जालना